गाणारे दीन गप्प बसले नव्हते

‘ख्रिस्ती शास्त्र गरिबाला सांगतं: सोस, स्वतःला तुच्छ मान, देवाची स्तुती गा आणि सुखासाठी स्वर्गाची वाट पाहा.’ हा मजकूर पुन्हापुन्हा फिरताना दिसतो. मला तो मनापासून चुकीचा वाटतो.

आधी ‘सोस’. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, पहिल्याच अध्यायात, येशूची आई, नासरेथची मरीया यहूदियाच्या डोंगराळ भागात आपल्या नातलग अलीशिबेच्या घरी जाते आणि आनंदाने गाऊ लागते. गाण्यात काय आहे? देवाने सत्ताधाऱ्यांना आसनांवरून खाली ओढलं, दीनांना उंच केलं, भुकेल्यांना पोटभर दिलं, धनवंतांना रिकाम्या हाती धाडलं. यात सोसणं कुठे आहे? हा सूर तिच्याही आधीचा आहे. बायबलच्या जुन्या करारातल्या ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकात शमुवेलाची आई हन्ना गाते की, देव कंगालाला उकिरड्यावरून उचलून सरदारांच्या पंगतीला बसवतो.

‘तुच्छ मान’ हेही खोटं. मूळ ग्रीक मजकुरात मरीया स्वतःच्या दैन्यासाठी जो शब्द वापरते, तो तिची हलकी परिस्थिती सांगतो. पुढच्याच ओळीत ती म्हणते, सगळ्या पिढ्या मला धन्य म्हणतील. स्वतःला तुच्छ मानणारी मुलगी असं बोलत नाही.

स्वर्गाचा तर त्या गाण्यात उल्लेखच नाही.

हो, धर्माच्या नावाने गरिबांना गप्प बसवलं गेलं आहे, ते नाकारू नये. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी वेगळं बायबल छापलं. त्यातून मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून इस्राएलाची सुटका झाल्याचा भाग गाळला होता. शास्त्र मुळात गुलामांना गप्प बसवणारं असतं, तर कात्री कशाला लागली असती?

राहिली ‘स्तुती गा’. म्हणजे स्तुतीत दुःख विसर, असा हा मजकूर फिरवणाऱ्यांचा अर्थ. बायबलमधलं बाविसावं स्तोत्र ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस’ या हाकेने सुरू होतं, आणि त्याच स्तोत्रात दीन जेवून तृप्त होतात. रोमी सत्तेखालच्या फिलिप्पै शहराच्या तुरुंगात पौल आणि सीला हे येशूचे प्रचारक फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री गात होते. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, यांना सोडून द्या. पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, चौकशीविना आम्हाला चारचौघांत मारलं आणि आता गुपचूप बाहेर काढता? त्यांनी स्वतः यावं. अधिकारी घाबरले, आले, विनवण्या करून त्यांना बाहेर घेऊन गेले.