तरवड उपटू नका, लावा

रस्ता रुंद करायला जेसीबी आला की सगळ्यात आधी कडेचा तरवड, ते पिवळ्या फुलांचं रानझुडूप, जातो. कुणी हळहळत नाही, कारण तो कुणी लावलेला नसतो. मग दुभाजक होतो, त्यात टिकोमा आणि बोगनवेल लागते आणि त्यांना पाणी घालायला टँकर सुरू होतो. दोन्ही झाडं मूळची अमेरिका खंडातली. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात माणसांसाठी टँकर मागवावा लागतो, तिथे पाण्यावाचून फुलणारं आपलं झुडूप उखडायचं आणि बाहेरचं जगवत बसायचं, हे मला अजिबात पटत नाही.

माण, आटपाडी, सांगोला, पारनेर... जिथे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथल्या मुरमाड माळावर तरवड वर्षानुवर्षं उभा आहे. कमरेएवढं, फार तर डोक्याएवढं झुडूप. गुरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत भरून फुलतो आणि एरवीही थोडाफार पिवळा दिसतोच. पूर्वी कातडी कमावायला त्याची साल लागायची, तेव्हा त्याला किंमत होती. आता तो ‘नुसतं झुडूप’ झालाय.

पण कधीतरी सकाळी त्या फुलांजवळ दहा मिनिटं उभं राहून बघा. तरवडाच्या फुलात मध नसतो, असतात ते फक्त पराग. तेही उघड्यावर नाहीत. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असतं आणि कोश जोरात थरथरल्याशिवाय त्यातून पराग बाहेर पडत नाहीत. आपल्या पोळ्यातल्या मधमाशीला ही थरथर जमत नाही. ती जमते काळ्या भुंग्याला आणि पोटावर निळे पट्टे असलेल्या त्या चपळ, पोळं न करता एकट्याने राहणाऱ्या रानमधमाशीला. माशी फुलाला घट्ट धरते, पंख न हलवता उडायचे स्नायू थरथरवते आणि एकदम वरच्या पट्टीतला ‘झुंऽऽ’ ऐकू येतो. मधल्या आखूड कोशांतले पराग ती पिल्लांसाठी नेते. खालच्या लांब, वाकड्या कोशांतले तिच्या अंगावर उडतात आणि पुढच्या फुलापर्यंत पोचतात. एकाच फुलात खाऊची आणि बियांची सोय वेगवेगळी केलेली!

आता वांग्याचं फूल हातात घ्या. मधोमध पिवळे कोश, त्यांच्या टोकाला तशीच छिद्रं. तिथेही हीच माशी आणि हाच भुंगा उपयोगी पडतो. टोमॅटो, मिरचीच्या फुलांवरही या एकट्या माश्या येतात. वांग्याचा प्लॉट काही बारा महिने फुलत नाही. मधल्या काळात त्यांनी खायचं काय? बांधावरचं आणि माळावरचं. म्हणून बांधावर तणनाशक मारून तो ‘स्वच्छ’ करणारा शेतकरी स्वतःच्याच वांग्याचं नुकसान करतो, असं मी ठामपणे म्हणेन. भाड्याने आणलेल्या मधमाश्यांच्या पेट्या हे काम करू शकत नाहीत.

फुलपाखरांचंही सांगते. एमिग्रंट जातीची पांढरट-हिरवट फुलपाखरं तरवडाच्या पानांवर अंडी घालतात. तेव्हा पानं कुरतडलेली दिसली तर फवारणी करू नका, त्या अळ्यांसाठीच तर हे झाड हवंय.

लावायला अगदी सोपं. मार्च-एप्रिलपर्यंत चपट्या शेंगा वाळतात, त्यातलं बी काढून ठेवा. त्याचं कवच कठीण असतं. गरम पाण्यात रात्रभर भिजवा किंवा वाळूत घासा, नाहीतर उगवण फार कमी होते. पहिल्या चांगल्या पावसात थेट जागेवरच टोकणी करा, कारण सोटमूळ लवकर खोल जातं आणि पिशवीतलं रोप नंतर रुसतं. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून तांब्याभर पाणी, मग विसरून गेलात तरी चालेल. खत नको, काळी पाणथळ जमीन तर नकोच. कोकणातल्यांनी याच्या नादी लागू नये, तुमच्याकडचं रानफूल वेगळं.

नर्सरीत तरवड मागितला की बऱ्याचदा पिवळ्या फुलांचा भलताच परदेशी कॅशिया हातात येतो. म्हणून पानाचं बूड बघून घ्या. खऱ्या तरवडाला तिथे कानाच्या पाळीसारखी दोन गोल उपपर्णं, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी छोटी पानं, असतात.

आणि भुंग्यासाठी बांधावरचं एखादं वाळकं लाकूड तसंच राहू द्या, तो त्यातच घर करतो. निळ्या पट्ट्यांची माशी मातीत बीळ करते, त्यामुळे बांधाची इंच न् इंच माती उकरू नका.

तेलंगणाने याच फुलाला राज्यफूल केलंय. त्यांच्या बतुकम्मा या फुलांच्या सणात ते रचतात, आपण त्याच दिवसांत घटाला त्याची माळ घालतो. यंदा माळेसाठी तोडाल तेव्हा प्रत्येक झुडपावर निम्मी फुलं राहू द्या. पुढच्या वर्षीचं बी त्यांच्यातूनच मिळणार आहे. आणि ग्रामपंचायतीत दुभाजकाचा किंवा शाळेच्या कुंपणाचा विषय निघाला, तर तरवडाचं नाव तुम्ही सुचवा. मी आमच्याकडे सुचवलंय.