साडेतीन सूत

स्वयंपाकघरातला चमच्यांचा ड्रॉवर ओढला आणि त्याचं तोंड तेवढं हिच्या हातात आलं. बाकीचा ड्रॉवर चमच्यांसकट जागेवरच. “अहो, मिस्त्रींना फोन करा,” ही म्हणाली. पण सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं लोखंड कापलेल्या माणसाला चार फळ्यांसाठी मिस्त्री लागावा, हे मला पटेना. दिवाळी नुकतीच झाली होती. अंगात फराळ होता.

तोंड निघालं ते खिळ्यांमुळे. ड्रॉवर दिवसातून वीस वेळा ओढायचा, आणि खिळे नेमके त्याच दिशेने उपटतात. डोव्हटेल सांध्याचं उलटं. बाजूच्या फळीच्या टोकाला पारव्याच्या पसरट शेपटीसारखे दाते, तोंडाच्या फळीत त्याच आकाराच्या खाचा. ओढाल तसा धरून ठेवतो. इजिप्तमध्ये ममींसोबत पुरलेल्या लाकडी सामानातही हा सांधा सापडलाय. तिथे हजारो वर्षं टिकला, तर इंदिरानगरात आमच्या चमच्यांना पुरेल असा माझा हिशेब.

हे काम करवत-पटाशीने करणारे लोक आहेत. मला त्यांच्याविषयी आदर आहे, त्यांच्याइतका धीर नाही. शिवाय मुलाने वाढदिवसाला दिलेला राउटर, म्हणजे लाकडात खाचा पाडायचं विजेचं यंत्र, माळ्यावर पडून होता. उणीव होती फक्त जिगची, म्हणजे बोटांमधल्या फटींतून राउटरला वाट दाखवणाऱ्या साच्याची.

मग स्थळं बघायला सुरुवात केली. एक स्थळ कॅनडाचं, ‘ली’ नावाचं. तिची बोटं हवी तशी सरकवता येतात, त्यामुळे शेपट्या हव्या तितक्या रुंद आणि हव्या तिथे. किंमत बघून लांबूनच नमस्कार केला. दुसरी फिंगर जॉइंटची, सरळ चौकोनी दातांची. स्वभावाने गरीब, पण प्रत्येक दाता आधीच्या दात्यावरून मोजला जातो. एकात केसभर चूक झाली की दहाव्यापर्यंत ती दहा केस होते, आणि ओढल्यावर सगळी भिस्त फेविकॉलवर. तिसरी बारा इंची, ठरलेल्या बोटांची, मधल्या भावाची. तीच घरात आणली. लग्नासारखंच, खरा स्वभाव घरी आल्यावर कळला.

पहिल्याच दिवशी घोडं ०.३५ मिलिमीटरवर अडलं. बिट म्हणजे राउटरचं फिरणारं पातं. त्याची दांडी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. ती दांडी धरणारा माझ्या राउटरचा कॉलेट ६ चा. भद्रकालीतल्या एका दुकानदाराने सल्ला दिला, “दांडी जरा घासून घ्या ना साहेब.” मिनिटाला २५-३० हजार फेरे घेणारी वस्तू घासून बसवायची! मी कॉलेट मागवला.

आता सुताचं सांगतो. सुतारकामात इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. माझ्या जिगची बोटं सात-सात सुतांवर. बिटभोवती बसून बोटांच्या फटीतून फिरणाऱ्या नळीचं, म्हणजे गाइड बुशचं, माप साडेतीन सूत. बिटचं डोकं चार सूत. त्यामुळे आधी बिट लावलं तर बुश त्यावरून जात नाही, आणि हे सगळं घट्ट आवळून झाल्यावरच लक्षात येतं. ड्रॉवरची बाजू उभी आणि तोंडाची फळी आडवी, दोन्ही एकदमच शिकंज्यात धरायच्या, तेही एकमेकींपासून साडेतीन सूत सरकवून. मुहूर्त साडेतीन असतात हे ठाऊक होतं. सूतही साडेतीनच निघाले.

मला चार इंच उंचीचा ड्रॉवर हवा होता. जिगला तो मान्य नव्हता. दोन्ही कडांना सारखी अर्धी खाच यायची तर उंची सात सुतांच्या पटीत पाहिजे. म्हणजे एकतर साडेतीन इंच, नाहीतर चार इंच तीन सूत. मोठा ड्रॉवर ओट्याखाली जाईना, म्हणून साडेतीन. “मग झारा कुठे ठेवू?” हिने विचारलं. मी म्हणालो, हा प्रश्न जिगला विचार.

अंबड लिंक रोडवरून पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन आणून नमुने सुरू केले. पहिला सांधा ढिला. उलटा धरला की आपोआप दोन तुकडे. ढिला आहे म्हणून मी बिट वर घेतलं, कमी कापलं की घट्ट बसेल असा सरळ विचार. आणखी ढिला झाला. इथे सगळंच उरफाटं असतं. बिट खाली रुंद, वर अरुंद. खोल घातलं की फळीच्या पृष्ठभागाशी त्याची अरुंद कंबर येते, खाचेचं तोंड लहान होतं, शेपटी जाड राहते, सांधा घट्ट होतो. तर ढिला असेल तर बिट खाली, घट्ट असेल तर वर. हे मी बाल्कनीच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं, तरी पाच वेळा चुकलो.

तेविसाव्या नमुन्याला सांधा असा बसला की हातोडीच्या दांड्याने दोन टिचक्या, बस्स. लगेच सागाच्या फळ्या लावल्या. छान रेषांची बाजू आपल्याकडे ठेवली, जशी कोणीही ठेवील. चारही कोपरे कापून जोडल्यावर कळलं की जिगमध्ये आतली बाजू बाहेर धरायची असते. उलटा घातलेल्या सदऱ्यासारखा ड्रॉवर झाला. सुंदर रेषा आत चमच्यांना, आणि बाहेर जगाला माझे पेन्सिलीचे आकडे.

दुसऱ्या ड्रॉवरच्या वेळी दारावरची बेल वाजली. कुरिअर असेल म्हणून मी चालू राउटर सरळ वर उचलला. डोव्हटेलचं बिट खालून रुंद, ते उचलायचं नसतं, बंद करून ओढून बाहेर काढायचं असतं. खाडकन आवाज आला आणि जिगचं एक बोट टोकाला फुटलं. एकलव्याने अंगठा निदान गुरूला दिला होता. माझं बोट पाण्याचं बिल द्यायला आलेल्या माणसापायी गेलं.

शेवटी आप्पा मिस्त्री आले. नमुन्यांची गोणी बघितली, चष्मा कपाळावर चढवून एक तुकडा न्याहाळला. “कोन लई सांडलाय,” म्हणाले. खरं होतं. बिट १४ अंशांचं, म्हणजे चारास एक उतार. हाताने कापणारे सागासारख्या लाकडात आठास एक धरतात. मग त्यांनी जुन्या ड्रॉवरचं तोंड चार स्क्रूंनी बसवलं. वेळ बारा मिनिटं, चहा धरून. झाराही मावला.

होळीच्या आदल्या दिवशी सोसायटीतली पोरं लाकडं मागायला आली. हिने आनंदाने गोणी पुढे केली. त्यातला एक तिसरी-चौथीतला मुलगा तेविसावा नमुना घेऊन पायरीवर बसला. दोन्ही हातांनी ओढला, गुडघ्यांत धरून ओढला, मग भावाला एक टोक दिलं आणि दोघांनी रस्सीखेच केली.

“काका, हे सुटतच नाही.”

मी तो तुकडा त्याच्याकडून परत घेतला आणि बदल्यात उलटा ड्रॉवर दिला. सांधा ओढून सुटत नाही, बाजूला सरकवला की सुटतो, हे त्याला सांगायचं मात्र राहून गेलं.