उत्तर: ग्झिबोव्स्काचा बाजार, पाच सीड्या आणि सहा दिवसांचा आठवडा

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पोलंडच्या गेम उद्योगावरच्या लेखात मी 'चोरट्या सीड्या विकणाऱ्या पोरांना हार घातले' आणि 'तिथे राबणाऱ्यांबद्दल मूग गिळले', असे तुमचे दोन आक्षेप आहेत. दुसरा मान्य. पहिल्यावर मात्र भांडणार आहे.

वॉर्सात ग्झिबोव्स्का रस्त्यावरच्या एका शाळेत सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरचा बाजार भरायचा. कॅसेटी, फ्लॉप्या, पुढे सीड्या, सगळा माल कॉपी केलेला. शाळकरी मार्चिन इविन्स्की तिथे गेम विकायचा, हे त्याने स्वतःच सांगितलंय. पण तेव्हा तिथे विकत घ्यायला अस्सल माल होताच कुठे? सॉफ्टवेअरला स्पष्ट संरक्षण देणारा कॉपीराइट कायदा पोलंडमध्ये आला फेब्रुवारी 1994मध्ये. त्याच वर्षी इविन्स्की आणि त्याचा वर्गमित्र मिहाऊ किचिन्स्की यांनी सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली आणि बाहेरून अस्सल गेम आणून विकायला लागले. म्हणजे ज्या बाजारात वाढले, त्याच्याशीच स्पर्धा.

आता ती स्पर्धा जिंकली कशी, हे मूळ लेखात मी दोन ओळींत उरकलं. चूक माझी. 1999मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा परदेशी गेम पोलिशमध्ये आणला. नुसती अक्षरं बदलली नाहीत. नावाजलेले नट बोलावून आवाज दिले. गेम पाच सीड्यांचा होता. चोरट्याला पाचही राइट करायच्या, म्हणजे त्याचा स्वस्तपणा तिथेच निम्मा झाला. वर अस्सल खोक्यात नकाशा, जाडजूड नियमपुस्तक, संगीताची सीडी. पहिल्याच दिवशी 18 हजार खोकी गेली. त्यात निवेदक पिओत्र फ्रोंचेव्स्की एक वाक्य वारंवार म्हणतो, 'वाटेला लागण्याआधी सोबती गोळा करावेत' अशा अर्थाचं. पोलंडमध्ये ते आजही म्हणीसारखं वापरतात.

(2003च्या सुमारास मी क्लासमधल्या एका पोराकडून 50 रुपयांत गेम राइट करून घ्यायचो. मार्करने नाव लिहिलेल्या दोन सीड्या, त्यातली दुसरी कधी चाललीच नाही. तेव्हा सोवळं मलाही नेसता येणार नाही.)

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की तो उद्योग पायरसीवर उभा राहिला नाही. गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत, नीट बोलल्यामुळे उभा राहिला. 'मराठीत गेम कोण घेणार?' असं तुम्ही जाता जाता विचारलंय. घेतीलच, असं छातीठोकपणे मी सांगणार नाही. पण पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओने 2020मध्ये 'राजी' हा गेम काढून दाखवला, तेव्हा इथे माणसं नाहीत हे कारण तरी पुढे करू नका.

आता तुमचा दुसरा मुद्दा. सीडी प्रोजेक्टने 2019मध्ये जाहीर शब्द दिला होता की जादा तासांची सक्ती करणार नाही. पुढे कंपनी स्वतःच गेम बनवू लागली होती; त्यातला 'सायबरपंक 2077' तोंडावर आला आणि सप्टेंबर 2020मध्ये सहा दिवसांचा आठवडा लागू झाला. एवढं करून 10 डिसेंबरला गेम आला तो जुन्या प्लेस्टेशनवर धड चालेना, आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. माणसांचे शनिवार गेले, गेमही नासला. जुलै 2023मध्ये कंपनीने सुमारे 100 जणांना, म्हणजे 9 टक्क्यांना, घरी पाठवण्याचं जाहीर केलं, आणि त्या धक्क्यातून पोलिश गेम कामगारांची युनियन उभी राहिली. हे मी लिहायला हवं होतं. इविन्स्कीच्या बाजारातल्या गोष्टीत इतका रमलो, की तिशीतल्या प्रोग्रॅमरचा शनिवार विसरलो.

युनियनवरचा परिच्छेद मूळ लेखात आज जोडलाय. शीर्षकातला 'किमयागार' तुम्हाला खुपला होता, तो शब्दही काढला. 'बाल्डर्स गेट'चा भाग मात्र वाढवलाय. तेवढा राहू द्या.