पेशंटसमोरच पैशाचं बोला

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत एक नियम न सांगता पाळला जातो. ज्याला आजार झालाय त्याच्यासमोर खर्चाचा विषय काढायचा नाही. मला हा नियम साफ चुकीचा वाटतो.

गेल्या वर्षी आईला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. वय 72. बायोप्सीचा रिपोर्ट आला आणि घरात कुजबुज सुरू झाली. मामा देवासचा प्लॉट काढायचं म्हणत होते, दादा पुण्याहून लोनचं बोलत होता, वहिनी पाटल्या मोडायला निघाली होती. सगळं गॅलरीत नाहीतर गाडीत बसून. शेवटी आईच म्हणाली, "उपचार माझ्या अंगावर होणार आणि खर्चाचं मला कोणी विचारायचंच नाही का?" सरकारी शाळेतून रिटायर झालेली बाई. पेन्शन तिची, एफड्या तिच्या. त्या दिवसापासून हिशेबाची वही तिच्याकडे गेली.

लपवलं तरी पेशंटला कळतंच हो. कळत नाही तो फक्त आकडा. मग तो मनानेच एक आकडा धरतो आणि काटकसर सुरू करतो, तीही औषधात! रामबागेतले ओळखीचे एक काका महागडी गोळी एक दिवसाआड घेत होते, मुलावर भार नको म्हणून. केमोनंतर हातापायांना मुंग्या येतात, जळजळ होते. हे डॉक्टरांना सांगायलाच हवं, डोस बदलता येतो. पण अजून एक तपासणी, अजून एक बिल, या धास्तीने कितीतरी बायका गप्प बसतात.

आई हिशेबाला बसली आणि आम्हा घाबरलेल्या पोरांना सुचले नसते असे प्रश्न तिने विचारले. तिचा रिपोर्ट हर-टू पॉझिटिव्ह होता, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त होतं. त्यामुळे केमोबरोबरच ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन, दर तीन आठवड्यांनी, वर्षभर. तिने डॉक्टरांना सरळ विचारलं, हेच औषध दुसऱ्या कंपनीचं स्वस्तात मिळतं का? मिळतं. त्याची बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली तशीच औषधं, भारतात 2014 पासून आहेत. डॉक्टरांनी तीच लिहून दिली. वर्षभर चालणाऱ्या औषधात हा फरक फार मोठा असतो.

सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचंही तसंच. पेन्शनवाल्यांना कुठलं कार्ड, असं आम्ही धरूनच चाललो होतो. पण ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांच्या आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र हॉस्पिटल योजनेतलं हवं, आणि ओपीडीचा खर्च त्यात येत नाही. भरती होण्याआधीचे 3 दिवस आणि डिस्चार्जनंतरचे 15 दिवस, एवढंच धरतात. त्यामुळे सुरुवातीच्या तपासण्यांचा बराच खर्च खिशातूनच होतो. त्यासाठी आईने एक एफडी आधीच मोडून ठेवली.

दुसरं मत घ्यायला अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला, परळच्या टाटाला गेलो. कॅन्सर पेशंटला उपचारांसाठी जाताना थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत जाणाऱ्याला 75 टक्के सूट. हॉस्पिटलच्या सही-शिक्क्याचा फॉर्म तेवढा लागतो. आणि इन्कम टॅक्स जुन्या पद्धतीने भरत असाल तर ज्येष्ठांच्या कॅन्सरच्या उपचारांवर 1 लाखापर्यंत वजावट मिळते. स्पेशालिस्टचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा.

काही पेशंटना खरंच आकडे नको असतात. ठीक आहे, पण नको हे त्यांनी सांगावं. त्यांच्या वतीने आपण ठरवू नये. आयुष्यभर ज्या बाईने घर चालवलं, तिला आजार झाला म्हणून एका दिवसात अज्ञान मूल करून टाकायचं, हे मला सहन होत नाही.

दादाला हे अजून पटलेलं नाही. आईने बिलं बघू नयेत, फक्त बरं व्हावं, असं तो म्हणतो. त्याची माया मला कळते. पण प्लॉट विकायचा नाही हे आईने ठरवलं आणि मामांना फोनही तिनेच केला. आमच्यापैकी कोणी सांगितलं असतं तर मामांनी ऐकलं नसतं.