टोप खंय आसा?

आमच्या पुण्यातल्या सोसायटीसमोरच्या वडावर राखी धनेश येतो. चांगला दोन फुटी पक्षी, काळसर चोचीवर छोटासा टोप. स्वखुशीनं हेल्मेट घालून हिंडणारा हा पुण्यातला एकमेव रहिवासी, म्हणून मला त्याचा फार अभिमान. रोज त्याला बघून मी स्वतःला धनेशतज्ज्ञ समजू लागलो आणि तिथंच घात झाला.

मार्चमध्ये आंबोलीला गेलो. पहाटे साडेपाचला उठून, चहाशिवाय (हे नोंदवून ठेवावं), मान मोडेस्तोवर झाडांकडे बघत उभा. अखेर फांदीवर काहीतरी राखाडी हललं. दुर्बीण डोळ्याला न लावताच मी जाहीर केलं, "राखी धनेश! आमच्या दारात असतो."

वाटाड्या पोरगा अदबीनं म्हणाला, "काका, टोप खंय आसा?"

टोप नव्हता. नुसती पिवळट-नारिंगी चोच. हा मलबारी राखी धनेश. कूळ एकच, पण हा दीड फुटी आणि सह्याद्री सोडून कुठं न जाणारा. "लांबून लहान दिसतोय," असं मी सावरून घेत होतो, तेवढ्यात तो हसला. खरंच हसला! त्याचा आवाजच तसा, घोगऱ्या म्हाताऱ्यानं खदाखदा हसावं असा. बायकोनं साथ दिली.

पुढे एक ढोली लांबूनच बघायला मिळाली. मादी आत बसून विष्ठा आणि फळांच्या गरानं दार लिंपून घेते, फक्त फट ठेवते. नर आला. घशातून एकेक फळ वर काढत फटीतून भरवू लागला.

"बघा," बायको कुजबुजली, "त्याला यादी लागत नाही. तुम्हाला तूरडाळ सांगितली तर हरभराडाळ येते."

"दोन्ही पिवळ्याच दिसतात."

"हो ना. आणि दोन्ही धनेश राखाडीच."

वाटाड्या एकदम बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या पायात चपला होत्या.

पुण्यात परतलो. सकाळी बाल्कनीत चहा (मिळाला!) घेत होतो, तर वडावरून लांब, कर्कश किंकाळी आली.

"घार," पेपरातून डोकं न काढता मी म्हणालो.

बायकोनं वर बघितलं. "घारीनं हेल्मेट घातलंय हो."