ड्रॅगनपेक्षा बेरीज अवघड

रोल-प्लेइंग गेम (प्रत्येकाने एकेक पात्र वठवत, फासे टाकत खेळायची गोष्ट) म्हणजे तलवार उपसायची आणि ड्रॅगनवर चालून जायचं, अशी नवख्या खेळाडूची समजूत असते. टेबलाशी बसल्यावर कळतं की तलवार कागदावर आहे, ड्रॅगन आणखी कित्येक महिने भेटणार नाही आणि तूर्तास हातात फक्त एक पेन्सिल आहे, तिलाही टोक नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आलं. तेव्हापासून राक्षस बदलले, नियमांच्या आवृत्त्या बदलल्या, पण ऐन लढाईत पेन्सिलीचं टोक मोडायचं काही थांबलं नाही. म्हणून इथे सांगतोय ती आयुधं राक्षसांसाठी नाहीत, टेबलावरच्या गोंधळासाठी आहेत. नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे धरले आहेत.

पहिलं संकट फाशांचं. संच सातांचा असतो: डी४, डी६, डी८, दोन डी१०, डी१२ आणि डी२०; 'डी' म्हणजे फासा, पुढचा आकडा त्याच्या बाजूंचा. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) "डी२० टाक" म्हणाला की नवखा हमखास डी१२ उचलतो आणि सबंध संध्याकाळ आपलं नशीब फुटकं आहे असं मानून बसतो. खूण सोपी आहे: डी२० ला त्रिकोणी बाजू, डी१२ ला पंचकोनी. दोन डी१० पैकी एकावर ००, १०, २० असे दशक असतात. दोन्ही मिळून टक्केवारी काढायची, आणि '००' बरोबर '०' पडला तर ते शून्य नव्हे, १००. डी४ हा पिरॅमिड असल्यामुळे त्याला वरची बाजूच नसते. दिसणाऱ्या तिन्ही बाजूंवर जो आकडा सुलटा वाचता येतो, तो आपला. तो गडगडतही नाही, जरा उंचावरून टाकावा लागतो. जमिनीवर पडलेला डी४ हा या खेळातला एकमेव सापळा, जो कॅरेक्टरला (खेळातल्या पात्राला) सोडून थेट खेळाडूच्या तळपायाला इजा करतो. तेव्हा फासे ट्रेमध्येच टाकावेत. खोक्याचं झाकण घेऊन आत जाड कापड चिकटवलं की ट्रे तयार. ट्रेबाहेर गेलेला फासा पुन्हा टाकायचा, हा नियम मात्र आधीच जाहीर करावा. २० पडल्यावर जाहीर केला तर मैत्री तुटते.

फासे घेताना आकडे वाचता येतात का एवढंच पाहावं. गडद जांभळ्यावर सोनेरी आकडे दुकानात राजबिंडे दिसतात आणि रात्रीच्या दिव्याखाली तिघांना तीन वेगळे दिसतात. फाशात खोट आहे असा संशय असेल तर ग्लासभर पाण्यात तो तरंगेपर्यंत मीठ विरघळवावं आणि टिचकी मारमारून कोणता आकडा वर येतो ते बघावं. पुन्हा पुन्हा तोच आला तर तोल बिघडलाय. धातूचे फासे अर्थातच बुडतात. बहुतेक प्लास्टिकचे फासे निर्दोष सुटतात आणि मालकाची शकुनीगिरीची हौस तिथेच मावळते.

खरी अग्निपरीक्षा कॅरेक्टर शीटची, म्हणजे आपल्या पात्राची माहिती लिहायच्या कागदाची. ताकदीसारख्या सहा गुणांना आकडे द्यायचे असतात. फासे टाकण्यापेक्षा १५, १४, १३, १२, १०, ८ हा तयार संच वाटून टाकावा, म्हणजे एकाचा भीम आणि दुसऱ्याचा काडीपैलवान होत नाही. गंमत अशी की एवढ्या प्रेमाने लिहिलेले हे आकडे खेळात जवळजवळ वापरतच नाहीत. वापरतात तो मॉडिफायर: आकड्यातून १० वजा, उरलेल्याचं निम्मं, अपूर्णांक खाली. १६ ला +३, ८ ला -१. म्हणून मॉडिफायर ठसठशीत लिहावा आणि मूळ आकडा कोपऱ्यात बारीक.

हल्ल्याची बेरीजही घरूनच करून आणावी. ताकद +३ आणि पहिल्या पातळीचा प्रोफिशियन्सी बोनस (सरावाच्या कौशल्याची भर) +२, मिळून +५. शस्त्रापुढे लिहायचं: "हल्ला डी२०+५, नुकसान डी८+३". प्रोफिशियन्सी नुकसानात धरत नाहीत. प्रत्येक नवखा ती धरतो आणि प्रत्येक डीएम ती तितक्याच थकल्या आवाजात वजा करतो. गॉब्लिन या छोट्या राक्षसाचा आर्मर क्लास (घाव बसायला गाठावा लागणारा आकडा) १५, म्हणजे या योद्ध्याला फाशावर १० किंवा वर हवेत. शक्यता ५५ टक्के. अॅडव्हांटेज मिळालं, म्हणजे दोन डी२० टाकून मोठा घ्यायचा, तर तीच सुमारे ८० टक्के होते. म्हणून फासा फुंकत बसण्यापेक्षा अॅडव्हांटेज कुठून मिळेल ते शोधावं. हल्ल्यात नैसर्गिक २० (बेरजेआधी फाशावरच २०) पडला तर घाव हमखास बसतो आणि नुकसानीचे फासे दुप्पट होतात, पण तो +३ दुप्पट होत नाही. राजाशी बोलताना २० पडला म्हणून तो सिंहासनावरून उठून जागा देत नाही. गुणांच्या चाचणीत २० म्हणजे नुसते २०.

हिट पॉइंट (पात्रात किती जीव उरलाय तो आकडा) शीटवर लिहूच नयेत. तिसऱ्या लढाईपर्यंत खोडरबराने तिथे भोक पडतं. वेगळी चिठ्ठी घ्यावी.

पहिल्यांदाच खेळणाऱ्याने जादूगार घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे आणि ते कुणीही ऐकत नाही. निदान प्रत्येक मंत्राचं एक कार्ड करावं: पल्ला, किती वेळ टिकतो, समोरच्याने कोणती सेव्ह (मंत्रातून बचावायचा फासा) टाकायची आणि कॉन्सन्ट्रेशन (मंत्र चालू ठेवायला एकाग्रता) लागतं का. तसे दोन मंत्र एकदम चालत नाहीत. दुसरा सुरू केला की पहिला विझला. चालू कार्डावर एखादं बटण ठेवलं की वाद मिटतो. मंत्राची पातळी आणि जादूगाराची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फायरबॉल हा आगीच्या स्फोटाचा मंत्र तिसऱ्या पातळीचा, पण जादूगाराला तो पाचव्या पातळीवर मिळतो. त्याची त्रिज्या २० फूट. नकाशावर १ इंचाचा चौकोन ५ फुटांचा असतो, म्हणून ४ इंचाचा दोरा कापून ठेवावा आणि त्याचं एक टोक स्फोटाच्या मध्यबिंदूवर धरून दुसरं फिरवावं. वर्तुळात आपली माणसं किती येतात ते आधी मोजावं. नंतर मोजायला ती उरतीलच असं नाही.

नकाशासाठी महागडी चटई नसली तरी इंचाचे चौकोन छापलेला कागद पुरतो. व्हिनाइलची चटई असेल तर ओल्या फडक्याने पुसला जाणारा मार्करच वापरावा. व्हाइटबोर्डच्या मार्करने काढलेली गुहा चटईवर कायमची राहते आणि पुढे राजवाड्यातही तीच डोकावते.

पाळीचा घोळ मिटवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दुमडलेल्या चिठ्ठ्या. दोन्ही बाजूंना नाव लिहायचं, इनिशिएटिव्हच्या (लढाईत कोण आधी ते ठरवणाऱ्या फाशाच्या) क्रमाने डीएमसमोरच्या पुठ्ठ्याच्या आडपडद्यावर अडकवायच्या. "आता कोणाची पाळी?" हा प्रश्न तरीही येतो, फक्त उत्तर द्यायला तोंड उघडावं लागत नाही, बोट पुरतं.

चार खेळाडू आणि एक डीएम हा आकडा बरा. सहा झाले की आपली पाळी येईपर्यंत माणूस फोनमध्ये शिरतो. पुढची तारीख उठायच्या आधी ठरवावी, घरी गेल्यावर ठरवू म्हटलं की बोंबललं. शेवटची दहा मिनिटं राखून नकाशाचा आणि चिठ्ठ्यांचा फोटो काढावा, उरलेले हिट पॉइंट आणि स्पेल स्लॉट (अजून किती मंत्र टाकता येतील ते) डीएमने आपल्या वहीत उतरवून घ्यावेत. खेळाडूंच्या आठवणीवर सोपवलं तर पुढच्या खेपेला सगळे ठणठणीत असतात आणि जखमी फक्त गॉब्लिन.