मुंबई–लंडन: किलोमीटरला वेगाने भागून तास काढू नका

मुंबई ते लंडन हीथ्रो, पृथ्वीच्या गोलावरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर साधारण ७,२०० किमी. मोठं जेट विमान ताशी ९०० किमीच्या आसपास उडतं. भागाकार केला की आठ तास येतात आणि अंतर सांगणाऱ्या बऱ्याच वेबसाइट हाच आकडा देतात. त्यावर विसंबून लोक पुढचं विमान ठरवतात, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो. मुंबईत चाकांचे ठोकळे काढल्यापासून लंडनमध्ये पुन्हा लावेपर्यंत. धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, चढणं, उतरणं सगळं त्यात आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी वीस मिनिटं जमिनीवरच जातात. हीथ्रोला उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, आणि एका घिरटीला साधारण चार मिनिटं लागतात.

खरा फरक वाऱ्याचा. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात जास्त जोरात. सरासरी ५० किमीचा वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग ८५० उरतो, पाठीशी असेल तर ९५०. एवढ्यानेच जाण्या-येण्यात सुमारे पन्नास मिनिटांचा फरक पडतो. म्हणून जाताना साडेनऊ-दहा तास धरा, येताना पाऊणएक तास कमी.

त्यात हवाई हद्दी. नकाशावर लंडनला दिल्ली मुंबईपेक्षा सुमारे ५०० किमी जवळ आहे. पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हद्द बंद केल्यावर दिल्लीहून निघालेल्या त्यांच्या विमानांना आधी गुजरातच्या बाजूला खाली येऊन अरबी समुद्रावरून जावं लागू लागलं. मुंबईची वाट बरीचशी समुद्रावरूनच असल्याने तिला झळ कमी बसली. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. त्यामुळे जुन्या तिकिटावरचा वेळ पाहून अंदाज बांधू नये, हे माझं ठाम मत.

घड्याळाचा घोळ तर दरवर्षी होतो. लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. उन्हाळ्यात दुपारी १ ला निघून लंडनच्या संध्याकाळी ६ ला पोचणारं विमान पाच तासांचं नाही, साडेनऊ तासांचं आहे. मुलांकडे निघालेल्या आई-बाबांच्या औषधांच्या वेळा या साडेनऊ तासांवर बसवा, तिकिटावरच्या घड्याळावर नाही.

लंडनहून पुढे मँचेस्टर किंवा एडिनबराला जायचं असेल तर शक्यतो एकाच तिकिटावर बुकिंग करा. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी बघते. वेगळ्या तिकिटांवर ती जबाबदारी कुणाचीच नसते. इमिग्रेशन, पट्ट्यावरून बॅगा घेणं, कदाचित टर्मिनल बदलणं आणि पुन्हा चेक-इन, हे सगळं आपल्यालाच करायचं. त्यासाठी चार तासांपेक्षा कमी ठेवू नका. आणि पहिलं विमान हिवाळ्यातलं असेल, तर समोरच्या वाऱ्यासाठी त्यात आणखी एक तास घाला.